नेमके वैद्यक आणि माणदेशाची नोंद : मूत्रपिंडविकाराच्या नव्या आकलनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या दशकभरात वैद्यकविषयक लेखनात ‘प्रिसिजन मेडिसिन’ हा शब्दप्रयोग चांगलाच रुळला आहे. मराठीत त्यासाठी कोणी ‘अचूक वैद्यक’ म्हणतात, कोणी ‘व्यक्तिविशिष्ट उपचारपद्धती’. प्रस्तुत लेखात ‘नेमके वैद्यक’ ही संज्ञा जाणीवपूर्वक स्वीकारली आहे. ‘अचूक’ या शब्दात चूक होणारच नाही अशी हमी आहे. ‘नेमके’ या शब्दात नेम धरणे आहे, आणि धरलेला नेम चुकूही शकतो. शिवाय नेम धरायचा तर आधी लक्ष्य दिसावे लागते. मूत्रपिंडविकाराच्या बाबतीत हे लक्ष्य कोणाला दिसते, कोठून दिसते आणि कोण त्या दृष्टिपथाबाहेर राहते, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न येथे माणदेशाच्या संदर्भात उपस्थित केला आहे. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी व त्याला लागून असलेला खानापूरचा भाग हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश होय. उपसा सिंचन योजनांचे पाणी अलीकडे त्याच्या काही भागांत पोहोचू लागले असले, तरी पिढ्यान् पिढ्या या प्रदेशाची ओळख दुष्काळ आणि स्थलांतर अशीच राहिली आहे. माणदेशात मूत्रपिंडविकाराची साथ पसरली आहे, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु ज्या परिस्थितीत हा विकार नकळत मूळ धरतो, त्या परिस्थितीची बहुतेक अंगे येथे एकत्र आढळतात. आणि नेमक्या वैद्यकाची परीक्षा मोठ्या शहरातील अद्ययावत रुग्णालयात घेण्यापेक्षा अशा ठिकाणी घेतली, तर त्याचे बळ व उणीव दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

संज्ञेची तपासणी

२०११ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने नेमक्या वैद्यकासंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१५ च्या जानेवारीत तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी या विषयावर राष्ट्रीय उपक्रम जाहीर केला आणि संज्ञा सर्वतोमुखी झाली. मूळ अहवालाचा पाठ मात्र पुढील प्रचारापेक्षा संयमित आहे. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र औषध तयार करणे असा या संज्ञेचा अर्थ नाही, तर रोगाची शक्यता, त्याची वाटचाल व उपचारांना मिळणारा प्रतिसाद यांत भेद असणारे उपसमूह ओळखणे असा आहे, हे अहवालात स्पष्ट केलेले आहे. म्हणजे येथे व्यक्ती केंद्रस्थानी नाही, वर्गीकरण केंद्रस्थानी आहे. आणि वर्गीकरण म्हटले की वर्ग कोणी पाडले, कोणत्या गुणांवरून पाडले, हा समाजशास्त्राला परिचित असलेला प्रश्न वैद्यकालाही विचारावाच लागतो.

याच अहवालात रोगविषयक माहितीची कल्पना भौगोलिक नकाशाच्या थरांप्रमाणे केली आहे. एका थरावर जनुके, दुसऱ्यावर शरीरातील सूक्ष्मजीव, आणखी एकावर रोगलक्षणे, अशी ती मांडणी आहे. त्यांतील एक थर ‘एक्स्पोझोम’ या नावाचा आहे. माणसाच्या वाट्याला आयुष्यभर आलेले पाणी, हवा, ऊन, अन्न, रसायने, श्रम या साऱ्यांचा तो थर. अहवालाने हा थर इतरांच्या बरोबरीने मांडला होता. पुढील काळात जनुकांच्या व पेशींच्या थरांवर अपार काम झाले. हा थर मात्र सर्वांत विरळ राहिला. कारण उघड आहे. जनुके प्रयोगशाळेत वाचता येतात, पण ऊन आणि श्रम वाचण्यासाठी माणसाशी बोलावे लागते.

(आपल्याकडे या चर्चेत ‘प्रकृतिविचार आमच्या आयुर्वेदात पूर्वीपासून आहेच’ असे म्हणून समाधान मानण्याची एक रीत आहे. तो विचार मोलाचा आहे, परंतु तेवढे म्हटल्याने कोणाच्याही लघवीची तपासणी होत नाही.)

पेशींचा नकाशा

मूत्रपिंडविकाराच्या क्षेत्रात या विचारधारेचे सर्वांत भरीव फलित म्हणजे ‘किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रोजेक्ट’. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून २०१७ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात रुग्णांनी स्वेच्छेने दिलेल्या मूत्रपिंडाच्या बायॉप्सींचा पेशीगणिक अभ्यास केला जातो. २०२३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मूत्रपिंडाच्या नकाशात हे काम समाविष्ट आहे. त्यात चार लाखांहून अधिक पेशी वा पेशीकेंद्रकांची तपासणी करून ५१ प्रमुख पेशीप्रकार निश्चित करण्यात आले. इजा झालेल्या पेशी बऱ्या होण्याच्या मार्गावर आहेत की कायमच्या बिघडण्याच्या, हेही त्यात वेगळे ओळखता येते. ज्या विकाराला शतकभर ‘जुनाट मूत्रपिंडदाह’ अशा ढोबळ नावाखाली ठेवले गेले, त्याच्या आत किती भिन्न प्रक्रिया चालतात हे यातून दिसू लागले आहे. ही कामगिरी थोर आहे, हे निःसंशय.

तथापि त्याच निबंधातील एका आकड्याकडे लक्ष जाते. चार लाख पेशी आल्या त्या ४५ निरोगी संदर्भ-मूत्रपिंडांतून व ४८ रुग्णांतून. पेशींच्या संख्येचा माणसांच्या संख्येशी असलेला हा विषम संबंध या क्षेत्राचे स्वरूपच सांगून जातो. एका माणसात अधिकाधिक खोल जाता येते. परंतु खोलीने विस्ताराची जागा भरून निघत नाही. पेशीवरील इजेची खूण दिसते. ती इजा उसाच्या फडात झाली की धातूच्या भट्टीजवळ, हे पेशी सांगत नाही.

नेमक्या वैद्यकाचा सर्वांत देखणा विजय एपीओएल-१ या जनुकाच्या बाबतीत झाला. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे या जनुकाचे दोन प्रकार निद्रारोगाच्या परजीवींपासून संरक्षण देतात, परंतु दोन्ही पालकांकडून ते वारशाने आल्यास मूत्रपिंडविकाराचा धोका वाढवतात, हे २०१० साली उजेडात आले. त्यावर बेतलेल्या इनॅक्साप्लिन या औषधाच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत लघवीवाटे जाणारी प्रथिने १३ आठवड्यांत सरासरी ४७.६ टक्क्यांनी घटली. कारण सापडले, कारणावर औषध सापडले. नेम धरणे म्हणतात ते हेच. परंतु ज्यांच्या शरीरात ते जनुकप्रकार नाहीत, त्या आपल्याकडील रुग्णांना या यशाचा लाभ नाही, आणि त्यांच्यासाठी तशाच चिकाटीने शोधलेले दुसरे कारण हाती आलेले नाही.

याच काळात मूत्रपिंडविकाराच्या उपचारात झालेली मोठी प्रगती मात्र नेम न धरता झाली, ही बाब नेमक्या वैद्यकाच्या पुरस्कर्त्यांनी फारशी बोलून दाखवलेली नाही. डापाग्लिफ्लोझिन हे मूळचे मधुमेहावरील औषध. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील ४३०४ रुग्णांच्या चाचणीत त्याने मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोठ्या प्रमाणात घसरणे, ते निकामी होणे अथवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे, या एकत्रित धोक्यात ३९ टक्के घट घडवून आणली. आणि ती मधुमेह असलेल्या व नसलेल्या दोन्ही प्रकारच्या रुग्णांत आढळली. त्याच वर्षी भारतात या औषधाच्या पेटंटची मुदत संपली व अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. माणसामाणसांत भेद न करणारी, तालुक्याच्या औषधदुकानात मिळू शकणारी एक गोळी! ती कोणाला द्यावयाची हे ठरविण्यासाठी पेशींच्या नकाशाची गरज नाही. त्या माणसाचा विकार वेळेवर ओळखला जाण्याची गरज आहे.

इशारा देणारे यंत्र

वेळेवर ओळखण्याचे हे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करील, अशी अपेक्षा आहे. या अपेक्षेला बळ देणारा निबंध २०१९ साली ‘नेचर’मध्येच आला. डीपमाइंड या कंपनीच्या संशोधकांनी अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतील ७,०३,७८२ रुग्णांच्या संगणकीय नोंदींवर एक यंत्रणा शिकवून तयार केली. रुग्णाच्या मूत्रपिंडाला तीव्र इजा होण्यापूर्वी ४८ तासांपर्यंत ती इशारा देते. आंतररुग्णांतील अशा इजांपैकी ५५.८ टक्के इजांचा आणि पुढे डायलिसिसपर्यंत पोहोचलेल्या इजांपैकी ९०.२ टक्के इजांचा तिने आगाऊ अंदाज केला. प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे इशारे, असे त्याचे मोल होते.

निबंध प्रामाणिक आहे आणि म्हणूनच वाचनीय आहे. नोंदींतील स्त्रियांचे प्रमाण केवळ ६.३८ टक्के असल्याचे व स्त्रियांच्या बाबतीत यंत्रणेची कामगिरी उणी पडल्याचे लेखकांनीच नमूद केले आहे. २०२२ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी याच धर्तीची यंत्रणा पुन्हा उभारून आपल्या रुग्णालयात तपासली, तेव्हाही स्त्रियांबाबतची ही उणीव आढळली. सैनिकांच्या नोंदींत स्त्रिया थोड्या असणार, यात नवल नाही. विचार करावयाचा तो असा की, ज्या प्रदेशातून पुरुष मुंबईला माथाडीकामाला, परप्रांती गलाईकामाला वा मेंढरांमागे जातात आणि गावात मागे प्रामुख्याने स्त्रिया व वृद्ध राहतात, त्या प्रदेशासाठी ही उणीव निबंधाच्या तळटीपेइतकी लहान राहत नाही.

इशारा दिल्याने पुढे काय घडते, याचाही अभ्यास झाला आहे. येल विद्यापीठाशी संलग्न ६ रुग्णालयांत ६०३० आंतररुग्णांवर केलेला व २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. तेथील यंत्रणा भविष्य वर्तविणारी नव्हती. झालेली इजा ओळखून डॉक्टरांच्या संगणकावर सूचना देणारी होती. एका गटाच्या डॉक्टरांना सूचना मिळाली, दुसऱ्या गटाच्या मिळाली नाही. एकूण निष्कर्ष असा निघाला की, सूचनेने इजा वाढणे, डायलिसिस लागणे वा मृत्यू यांत घट झाली नाही. मात्र अध्यापनाची सोय नसलेल्या २ रुग्णालयांत सूचना मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १५.६ टक्के आणि न मिळालेल्या गटात ८.६ टक्के होते. असे का घडले याचा निर्णायक उलगडा त्या निबंधात नाही. परंतु इशारा हा स्वतः उपचार नव्हे, आणि लहान रुग्णालयात तो मोठ्या रुग्णालयासारखाच वागेल असे गृहीत धरता येत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. दहिवडी किंवा आटपाडीसारख्या तालुक्याच्या गावी अशी यंत्रणा बसविण्याचा विचार होईल, तेव्हा हा एक निबंध तरी संबंधितांच्या टेबलावर असावा.

सर्वच यंत्रणा या ठिकाणी निरुपयोगी ठरतील असे मात्र नव्हे. सिंगापूरमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोळ्याच्या पडद्याच्या छायाचित्रावरून मूत्रपिंडविकार ओळखण्याची पद्धत मांडली आहे. तिच्या आधारभूत नोंदींत चिनी व मलय वंशीयांबरोबर तेथील भारतीय वंशाचे लोकही होते. गावोगावच्या नेत्रतपासणी शिबिरांचा आपल्याकडील अनुभव जुना आहे. अशा शिबिरात आणखी एक उपयोग साधता आला, तर तो स्वागतार्ह ठरेल.

०.३ चा प्रश्न

आतापर्यंत उल्लेखिलेल्या जवळजवळ सर्व यंत्रणांच्या मुळाशी एकच साधी रक्ततपासणी आहे, ती म्हणजे क्रिएटिनिन. स्नायूंत निर्माण होऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा हा पदार्थ रक्तात साठू लागला की मूत्रपिंड मंदावले असे अनुमान करतात. हे मोजण्याची पिक्रेट क्षारावर आधारित रीत माक्स याफे यांच्या १८८६ सालच्या निरीक्षणातून आली. सुधारलेल्या स्वरूपात ती आजही असंख्य प्रयोगशाळांत चालते, कारण ती स्वस्त आहे. तिचा दोष असा की, क्रिएटिनिनखेरीज ग्लुकोज, प्रथिने इत्यादी पदार्थांनाही ती काही अंशी प्रतिसाद देते. विकरांवर आधारित नवी रीत अधिक निर्दोष, पण महाग आहे.

आता तीव्र इजेची २०१२ पासून जगभर रूढ असलेली व्याख्या पाहावी. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढले की इजा झाली, असा तिचा एक निकष आहे. आज एका गावच्या प्रयोगशाळेत व परवा दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या रक्तात केवळ पद्धतीच्या व यंत्राच्या फरकाने या निकषाच्या जवळ जाणारी तफावत पडू शकते. अमेरिकेतील रुग्णालयाच्या पलंगावरील रुग्णाचे रक्त एकाच प्रयोगशाळेत वारंवार तपासले जाते. यंत्रणा शिकली ती तशा मालिकेवरून. आपल्या खेड्यातील रुग्णाच्या हाती असतो एक सुटा कागद, बहुधा उलटीमळमळ सुरू झाल्यानंतरचा.

या ०.३ चे वजन दुसऱ्याही बाजूने पाहता येते. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढण्याचे २०२१ चे सूत्र वापरल्यास, ६० वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन ०.९ असेल तर क्षमता सुमारे ७३ येते; १.२ असेल तर सुमारे ५२. पहिल्या आकड्यावर तिला ‘सर्व ठीक’ म्हणून घरी पाठवतील. दुसऱ्या आकड्यावर, तो तीन महिने टिकला तर, ती तिसऱ्या टप्प्यातील रुग्ण ठरेल. या सूत्रात तिचे वय आहे, ती स्त्री असल्याची नोंद आहे, तिचे वजन मात्र कोठेही नाही. दुष्काळी भागातील काटक, अल्पमांसल, क्वचितच मांसाहार करणाऱ्या बाईच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. त्यामुळे मूत्रपिंड बरेच मंदावले असतानाही तिचा आकडा सभ्य दिसतो. परदेशी सूत्रे भारतीयांची गाळणक्षमता प्रत्यक्षाहून अधिक दाखवतात, हे चंदीगडच्या पदव्युत्तर संस्थेतील संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापाने दाखवून दिले आहे.

येथे एक इतिहास स्मरणात ठेवण्याजोगा आहे. १९९९ व २००९ च्या सूत्रांत कृष्णवर्णीय रुग्णांसाठी एक गुणक होता. त्याने त्यांची क्षमता कागदावर वाढत असे आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्यांचा क्रमांक लागण्यास विलंब होई. दीर्घ वादानंतर २०२१ साली तो गुणक काढून टाकण्यात आला. अन्याय दूर झाला तो, ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांची स्वतंत्र नोंद होती म्हणून. माणदेशातील बाईच्या बाबतीत चूक होते आहे हे दाखविण्यासाठी ती प्रथम कोठेतरी नोंदली गेली पाहिजे. उत्तम यंत्रणा या चुकीच्या आकड्यावर शिकली, तर ती चूक अधिक आत्मविश्वासाने पुन्हा करील.

‘अज्ञात’ हा रकाना

भारतातील जुनाट मूत्रपिंडविकाराच्या नोंदवहीचा पहिला मोठा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. २००५ पासून देशभरातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी स्वेच्छेने कळविलेल्या ५२,२७३ रुग्णांची माहिती त्यात आहे. ३१ टक्के रुग्णांत मधुमेह हे कारण होते. त्याखालोखाल, १६ टक्के रुग्णांत, ‘कारण अज्ञात’. हे अज्ञात कारणाचे रुग्ण इतरांपेक्षा वयाने लहान, अधिक गरीब आणि अधिक प्रगत अवस्थेत दाखल झालेले होते. एकूण रुग्णांपैकी सुमारे ४८ टक्के तर शेवटच्या, पाचव्या टप्प्यातच प्रथम तज्ज्ञासमोर आले. जे तज्ज्ञापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांचा हिशेब अर्थातच या वहीत असू शकत नाही.

‘अज्ञात’ या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. शोधूनही न सापडलेले, हा एक. कोणी न विचारलेले, हा दुसरा. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर व निकाराग्वा येथील ऊसतोडणी कामगारांत, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील भातशेतकऱ्यांत आणि आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या तरुण श्रमिकांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या दोन-तीन दशकांत दिसून आले. त्यामागचे कारण आजही पूर्ण निश्चित नाही. तीव्र उन्हातील श्रम, वारंवार होणारी निर्जलता, वेदनाशामक गोळ्या, पाण्यातील व शेतीतील रसायने यांचा विचार चालू आहे. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. हा विकार प्रथम दिसला तो जनुकांच्या पृथक्करणातून नव्हे, तर कोण्या डॉक्टराने रुग्णांना ‘तू काय काम करतोस’ हे विचारल्यामुळे. निकाराग्वातील उसाच्या मळ्यांत पाणी, सावली व विश्रांती यांची सक्तीची व्यवस्था करून पाहण्यात आली, तीही कामाचा रकाना भरला गेला म्हणूनच.

माणदेशाला हे वर्णन परके वाटू नये. येथून लोक कृष्णाकाठच्या फडांवर ऊस तोडायला जातात. मोळ्या वाहून अंग ठणकले की गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उतरणे ही नित्याची गोष्ट आहे. निर्जल शरीरात अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, हे वैद्यकाच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात आहे.

गलाईचा धंदा तर या प्रदेशाची स्वतंत्र ओळखच म्हणावी लागेल. विटा, खानापूर, आटपाडी आणि लगतच्या माण-खटावमधील कुटुंबे दुष्काळाने बाहेर पडली आणि देशभरातील सराफपेठांत जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायात स्थिरावली. या मंडळींनी कमावलेल्या पैशातून गावोगाव घरे आणि मंदिरे उभी राहिली, मुले शिकली. त्या समृद्धीचे कौतुक पुष्कळ झाले. भट्टीचे आरोग्यशास्त्र कमी लिहिले गेले. गाळणकामात नायट्रिक आम्लाचा धूर असतो. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत शिसे वापरतात. जुन्या दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असते. ‘केडीएम’ सोने हा शब्द त्यावरूनच आला. असा दागिना वितळला की कॅडमियमची वाफ होते. शिसे व कॅडमियम हे दोन्ही धातू मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा करतात, आणि कॅडमियम तेथे दशकानुदशके साठून राहते. जपानमधील जिन्झू नदीकाठच्या ‘इताई-इताई’ रोगाने ही गोष्ट विसाव्या शतकात जगाला दाखवून दिली.

येथे नेमक्या वैद्यकाला खरे काम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. नलिकांची ही इजा आरंभी क्रिएटिनिनमध्ये दिसत नाही. लघवीत बुडवावयाची नेहमीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते; नलिकांच्या इजेत आधी बाहेर पडतात ती बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखी लहान प्रथिने, आणि ती पट्टीवर उमटत नाहीत. म्हणजे साधी तपासणी येथे आंधळी आहे आणि नेमकी तपासणी डोळस. पण ती करावी असे डॉक्टरला सुचणार केव्हा? समोरचा माणूस पंचवीस वर्षे भट्टीसमोर बसला होता, हे कळल्यावरच.

आणि ते कळत नाही. गावी परतलेल्या गलाई कारागिराच्या केसपेपरवर व्यवसाय ‘शेती’ असा लिहिला जातो, कारण त्याच्या नावावर दोन एकर जिराईत आहे. ऊस तोडणाऱ्या स्त्रीचा व्यवसाय ‘गृहिणी’. मेंढपाळाच्या पत्त्यात गाव असते, वर्षातील आठ महिन्यांची वाट नसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने या मातीतील माणसे त्यांच्या कामधंद्यासह, लकबींसह मराठी वाचकांपुढे उभी केली. रुग्णालयाच्या नोंदीत तीच माणसे वय, लिंग आणि एक अपुरा आकडा एवढीच उरतात. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे या नोंदी आता संगणकावर चढू लागल्या आहेत. जुन्या वहीतील कोरा रकाना नव्या पडद्यावरही कोराच राहिला, तर त्यावर शिकणारी कोणतीही यंत्रणा ‘अज्ञात’ या शब्दाच्या पलीकडे जाऊ शकणार नाही.

निकामी झाल्यानंतर

मूत्रपिंड निकामी झाल्यानंतरची व्यवस्था पूर्वीपेक्षा बरी आहे, हे मान्य करावयास हवे. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत सोय झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. मात्र या उपचाराचे एक गणित दुष्काळी प्रदेशात वेगळेच भासते. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्राव वाहतो. चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारे पाणी निराळे. आठवड्यातून तीन वेळा म्हटले तर ३६० लिटर. टंचाईच्या काळात टँकरने पुरविल्या जाणाऱ्या पाण्याचे ग्रामीण प्रमाण माणशी दिवसाला २० लिटर धरले जाते. पाण्यावाचून उन्हात राबून ज्याचे मूत्रपिंड गेले, त्याला जगविण्यासाठी एका बैठकीत सहा माणसांचे दिवसाचे पाणी लागावे, ही विसंगती कोणत्याही यंत्रणेच्या अचूकतेच्या टक्केवारीत दिसणारी नाही.

म्हणूनच माणदेशासारख्या प्रदेशात या नव्या शास्त्राकडून प्रथम मागावयाची गोष्ट माफक आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर त्याच कामगाराची त्याच प्रयोगशाळेत क्रिएटिनिन व लघवीची तपासणी व्हावी. दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला परतणाऱ्या गलाई कारागिरांची एक स्वतंत्र यादी राहावी, आणि त्यांच्यासाठी नलिकांच्या इजेची तपासणी उपलब्ध व्हावी. परिसरातील महाविद्यालयांच्या समाजशास्त्र, रसायनशास्त्र व संगणकशास्त्र विभागांना हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या सोबतीने करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने रुग्णाला विचारावयाचे प्रश्न चारच आहेत : आजवर कोणकोणती कामे केली, कोणत्या गावी केली, तेथे पाणी कोठले प्यालात, आणि अंग दुखल्यावर कोणती गोळी घेत होता. केसपेपरवर व्यवसायासाठी सध्या असलेली जागा दीड इंचाची आहे. या चार उत्तरांसाठी ती पुरणार नाही. कागदाची मागची बाजू वापरावी लागेल.